आधी गळती दाखवा, मग इंजिन उघडा



या सदरात कधी रेशनकार्डाचा, कधी भविष्यनिर्वाह निधीचा, तर कधी मुलांच्या शाळेच्या दाखल्याचा विषय येतो. आजचा विषय गाडीच्या पाण्याचा आहे. 'आमच्यासारख्यांच्या घरी कुठली आली गाडी?' असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्या वस्तीतून सकाळी एक फेरी मारून पाहावी. बोळाच्या तोंडाशी, विहाराच्या भिंतीलगत चार-दोन जुन्या गाड्या उभ्या दिसतात. कोणी त्या गाडीतून बाजाराला माल नेतो, कोणी आजारी आईला दवाखान्यात नेतो. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेली ती गाडी आजही कितीतरी कष्टकरी घरांचे पोट भरते आहे.

अशा जुन्या गाडीची एक तक्रार हमखास असते. गाडी पाणी पिते. सकाळी रेडिएटरमध्ये पाणी भरावे आणि संध्याकाळी पाहावे तर ते कमी झालेले. मग गाडीत पाण्याचा कॅन कायमचा मुक्कामाला येतो. महिने जातात आणि एक दिवस घाटात बोनेटमधून वाफ येते, इंजिन बसते आणि वर्षभराची बचत एका दिवसात जाते. हा तोटा बहुतेक वेळा टाळता येण्यासारखा असतो. कसा, ते आज पाहू.

पाणी कशासाठी आणि दाब कशासाठी?

इंजिनमध्ये पेट्रोल जळते तेव्हा जी उष्णता निर्माण होते, तिच्यातील साधारण एक तृतीयांश उष्णता थंड करणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप ते पाणी इंजिनच्या पोटातून फिरवतो. तापलेले पाणी वरच्या होजपाईपमधून रेडिएटरमध्ये येते, जाळीत वाऱ्याने निवते आणि खालच्या पाईपने परत इंजिनात जाते. मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापले की ती उघडते. त्याआधी ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर योग्य तापमानावर येते.

आता रेडिएटरचे झाकण घ्या. ते नुसते झाकण नसते. घरातला प्रेशर कुकर आठवा. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांना न उकळता त्याच्या पुढे जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. रेडिएटरचेही तेच. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तो दाबाचा आकडा आहे. ०.९ च्या झाकणाने साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. दाब त्याहून वाढला तर झाकणातील स्प्रिंग उचलली जाते आणि जादा पाणी नळीवाटे शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जाते. गाडी निवली की झाकणातली दुसरी छोटी झडप तेच पाणी बाटलीतून परत आत ओढून घेते.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गळती म्हणजे केवळ पाणी जाणे नव्हे, दाबही जाणे. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही आणि वाफ बाजूने निघून जाते, तसेच हे आहे. दाब गेला की पाणी लवकर उकळते, उकळले की आणखी बाहेर पडते, आणि इंजिन तापत जाते. म्हणूनच नुसते पाणी ओतत राहणे हा उपाय नाही.

एका कुटुंबाची गोष्ट

नाशिककडील एक ओळखीचे कुटुंब आहे. नवरा आठवडी बाजारांतून तयार कपडे विकतो. जुन्या मारुतीच्या मागच्या सीटवर गठ्ठे टाकून तो पहाटे निघतो. बायको घर सांभाळते, शिलाई करते आणि धंद्याचा जमाखर्च लिहिते. गाडी दोन महिने पाणी पीत होती. ५ डिसेंबरला म्हाताऱ्या आईला घेऊन चैत्यभूमीला जायचे ठरले होते. आईच्या मनात हे कदाचित शेवटचे जाणे होते, म्हणून गाडीनेच न्यायचे, असा मुलाचा आग्रह.

त्याने एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या माणसाने बोनेट उघडले, पाणी कमी पाहिले आणि लगेच सांगितले, "हेड गॅसकेट गेले. हेड उतरवावे लागेल, फेसिंग मारावे लागेल. अठरा हजार धरून चला." त्याने ना खाली वाकून पाहिले, ना गाडी तापवून पाहिली. शेजारच्या एकाने दुसरा उपाय सांगितला. गाडीला दृष्ट लागली आहे, पुढे लिंबू-मिरची बांध. तिसऱ्याने रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली. अठरा हजारांसाठी सोसायटीचे कर्ज काढण्याचा विचार घरात सुरू झाला.

बायको म्हणाली, "अहो, पैसे काढायच्या आधी आपल्या वस्तीतल्या पोराला एकदा दाखवा की."

वस्तीतला तो पोरगा आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पास झालेला. रविवारी तो घरी आला. गाडीला हात लावण्याआधी त्याने विचारले, "दादा, पाणी रोज किती लागते? गाडी उभी असली तरी कमी होते का?"

दादांना सांगता येईना. पण वहिनींनी जमाखर्चाची वही आणली. ज्या दिवशी जसे पाणी भरले, तसे त्यांनी कोपऱ्यात लिहून ठेवले होते. पाण्याचा कॅन त्याच भरून देत असत ना! जवळच्या बाजाराच्या दिवशी अर्धा लिटर. लांबच्या, चढाच्या बाजाराच्या दिवशी दीड लिटर. गाडी दोन दिवस दारात उभी होती तेव्हा जवळजवळ काहीच नाही.

पोरगा म्हणाला, "वहिनी, अर्धे काम तुम्हीच केलेत. गाडी गार असताना गळत नाही. तापली आणि दाब चढला की गळते. आता कुठून ते शोधू."

त्याने शोधले कसे?

त्याने जे केले ते क्रमाने सांगतो, कारण हा क्रम कोणत्याही जुन्या गाडीला लागू आहे.

पहिले, गाडी पूर्ण गार असताना झाकण उघडून पाहिले. पाणी कुठवर आहे, त्यावर तेलाचा तवंग आहे का, गंजाचा लाल रंग आहे का. झाकणाचे रबर बोटाने चाचपले. ते कडक होऊन त्याला भेगा पडल्या होत्या. बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा, असे दिसले तर झाकण किंवा बाटलीची नळी यांच्यावर आधी संशय घ्यावा. पाणी बाहेर जाते पण परत ओढले जात नाही, असा त्याचा अर्थ.

दुसरे, रात्रभर गाडीखाली जुने पुठ्ठे पसरून ठेवायला सांगितले. सकाळी डाग कुठे पडला ते पाहावे. एसीचे पाणी स्वच्छ असते, त्याला रंग-वास नसतो. इंजिन ऑइल काळपट आणि चिकट असते. कूलंट हिरवे, लाल, निळे असे रंगीत असते आणि बोटाला बुळबुळीत लागते. या गाडीखाली मात्र डाग नव्हता. त्यावरून गळती नाही असे ठरत नाही. तापलेल्या इंजिनावर पडलेले थेंब जमिनीवर येण्याआधीच वाफ होऊन जातात.

तिसरे, वाळलेल्या खुणा शोधल्या. पाणी उडून जाते, पण मागे पांढरा, हिरवट किंवा गंजाच्या रंगाचा ओघळ राहतो. बॅटरी घेऊन रेडिएटरची जाळी, तिच्या वरच्या-खालच्या टाकीचे जोड, दोन्ही मोठे होजपाईप, वॉटर पंप आणि इंजिनच्या अंगावरची पत्र्याची गोल बुचे पाहावीत. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असते. आतले सील गेले की पाणी त्या भोकातून येते. तिथे ओघळ दिसला, पंपाची पुली हलवल्यावर खिळखिळली किंवा इंजिन चालू असताना घरघर आली, तर पंप बदलावा. भोक एम-सीलने बुजवू नये. ते भोक सील गेल्याची खबर देण्यासाठीच ठेवलेले असते.

चौथे, होजपाईप दाबून पाहिले. चांगला पाईप लवचीक असतो. दगडासारखा कडक, मऊ पडून फुगलेला किंवा टोकाशी तडकलेला पाईप गेला म्हणून समजावे. भेग बहुधा क्लिपच्या खाली लपलेली असते.

पाचवे, हेड गॅसकेटची परीक्षा. गॅरेजवाल्याने ज्यासाठी अठरा हजार मागितले, ती गोष्ट खरी की खोटी हे पाहायला अर्धा तास पुरतो. ऑइलची पट्टी काढून पाहिली. तेल दुधाळ चहासारखे झाले असेल तर पाणी तेलात मिसळते आहे. या गाडीचे तेल स्वच्छ होते. गाडी गार असताना झाकण काढून इंजिन सुरू केले. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले तर जळालेला वायू पाण्यात घुसतो आहे. इथे बुडबुडे आले नाहीत. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जळते आहे. थंडीत सकाळी पहिली पाच मिनिटे पांढरी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात, तिला घाबरू नये. इथे तसला धूर नव्हता. शंका उरलीच तर एक निळे रसायन मिळते. रेडिएटरच्या तोंडाशी ते धरून इंजिन चालवले आणि ते पिवळे पडले, तर गॅसकेट खरोखर गेले. म्हणजे हेड उतरवण्याआधी पुरावा मिळू शकतो, आणि तो मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

सहावे आणि सर्वांत महत्त्वाचे, दाबाची चाचणी. गाडीच्या हवेच्या पंपासारखा एक छोटा हातपंप असतो, त्याला दाबाचा काटा असतो. गार गाडीचा रेडिएटर काठोकाठ भरून झाकणाच्या जागी हा पंप बसवायचा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरायचा, जास्त नाही. मग दहा-पंधरा मिनिटे काटा पाहत बसायचे. काटा स्थिर राहिला तर बाहेर गळती नाही. काटा उतरला तर पाणी कुठून तरी बाहेर येतेच, आणि इंजिन गार असल्यामुळे ते वाफ न होता थेंबाच्या रूपात डोळ्यांना दिसते. या गाडीचा काटा हळूहळू उतरला. पोरगा गाडीखाली सरकला आणि म्हणाला, "दादा, इकडे या. हे बघा."

खालच्या होजपाईपच्या टोकाला, क्लिपच्या अगदी काठावर, नखाएवढी भेग होती. तिच्यातून पाण्याचा बारीक फवारा येत होता.

दुरुस्ती

नवा होजपाईप, दोन नव्या क्लिपा, नवे झाकण आणि कूलंट. सगळे मिळून दीड हजाराच्या आत आटोपले. इंजिन उघडावे लागले नाही.

पण पाईप बदलणे म्हणजे जुना ओढून नवा कोंबणे नव्हे. इंजिन पूर्ण गार असावे. खाली टब ठेवून पाणी काढावे. पाईप ज्या नळकांड्यावर बसतो, तिथली गंज आणि क्षार बारीक पॉलिश कागदाने साफ करावेत, नाही तर नवा पाईपही गळतो. नळकांड्याच्या टोकाला उंचवटा असतो. पाईप त्याच्या पुढपर्यंत सरकवावा आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसवावी. क्लिप घट्ट असावी, पण रबर कापेपर्यंत आवळू नये.

त्यानंतर हवा काढणे. पुष्कळदा इथेच घाई होते. कूलंट हळूहळू ओतावे, वरचा पाईप हाताने दाबत राहावे. गाडीला हीटर असेल तर तो चालू ठेवावा. झाकण न लावता इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबावे. वरचा पाईप गरम लागू लागला की तो उघडला असे समजावे. बुडबुडे निघून पातळी खाली जाते, तेवढे भरत राहावे. उसळून अंगावर येऊ नये म्हणून तोंड दूर ठेवावे. मग झाकण लावून पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत पाहावे. गाडी पूर्ण निवल्यावर बाटलीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे ना, ते पुन्हा तपासावे.

रेडिएटरच गळत असेल तर? जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चांगला कारागीर डाग देऊन देतो. ॲल्युमिनिअमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असलेल्या रेडिएटरचा जोड सुटला, तर बहुधा बदलणेच परवडते. हीटर असलेल्या गाडीत पुढच्या सीटखालचे पायपुसणे ओले होत असेल, काचेवर आतून चिकट धुके धरत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर हीटरची छोटी जाळी गळते आहे असे समजावे.

हळदीबद्दलही सांगतो. जुने ड्रायव्हर अडचणीच्या वेळी रेडिएटरमध्ये हळद टाकत आले आहेत. दुकानात मिळणारी गळती थांबवण्याची पावडरही त्याच जातीची. ती भेगेत जाऊन बसते हे खरे. पण तिला भेग कोणती आणि जाळीतली बारीक वाट कोणती हे कळत नाही. ती दोन्ही बुजवते, आणि मग गाडी गळत नाही, पण तापते. तसेच 'आपल्याकडे ऊन फार' म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत आहे. त्याने गळती थांबत नाही. उलट इंजिन योग्य तापमानावर यायला उशीर लागतो आणि पेट्रोल जास्त जाते.

बोअरिंगचे पाणी रेडिएटरमध्ये भरू नये. त्यातले क्षार किटलीत बसतात तसे आत बसतात. कूलंट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घ्यावे. घट्ट कूलंट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळावे. तयार मिश्रण असेल तर त्यात काही घालू नये. रंग सारखा दिसला म्हणून कूलंट सारखे असते असे नाही. दोन जातींची मिसळ करू नये.

भगिनींसाठी विशेष सूचना

बहुतेक कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी, मूत्रपिंडे निकामी करणारे आहे. म्हणून काढलेले कूलंट टबमध्ये उघडे ठेवू नये, लहान मूल किंवा कुत्रे तोंड लावते. थंडपेयाच्या रिकाम्या बाटलीत तर ते कधीही भरून ठेवू नये. कोणाच्या पोटात गेले तर घरगुती उपायात वेळ न घालवता ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठावे आणि डबा सोबत न्यावा.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणीही उघडू नये. दाब एकदम सुटतो आणि आतले उकळते पाणी तोंडावर, छातीवर उडते. भाजलेच तर नळाचे वाहते पाणी वीस मिनिटे त्या भागावर सोडावे. टूथपेस्ट, हळद, तेल काही लावू नये. मग डॉक्टरकडे न्यावे.

घाटात काटा वर चढला तर

ही गाडी न तपासता ते कुटुंब निघाले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाट उताराचा आहे. इंजिनावर भार कमी, गाडी निवांत उतरली असती. 'काही होत नाही' असे वाटून सगळे निर्धास्त झाले असते. परतताना मात्र तोच घाट चढाचा. गाडीत पाच माणसे, रात्रीची वेळ, पुढे ट्रकची रांग, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संथ चढण. भेगेतून पाणी जाणार ते तिथेच.

अशा वेळी तापमानाचा काटा चढताना दिसला की एसी असेल तर तो बंद करावा. हीटर असेल तर पूर्ण चालू करावा, तो इंजिनची उष्णता बाहेर ओढतो. सुरक्षित जागा दिसताच गाडी कडेला घ्यावी, दिवे लुकलुकते ठेवावेत, मुलांना आणि म्हाताऱ्यांना रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला उतरवावे. चाकाला दगड लावावा, आणि निघताना तो आठवणीने बाजूला करावा, मागून येणारा दुचाकीवाला त्यावर पडू नये. इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून तिथे हात घालू नये. वरचा पाईप हाताला थंड लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. उघडताना जाड फडके ठेवून आधी थोडेच फिरवावे, वाफ निघून जाऊ द्यावी. लालबुंद तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये. धातू तडकतो किंवा हेड वाकते, आणि मग अठरा हजारांचे काम खरेच निघते.

आणखी एक धोका. पाणी पूर्ण निघून गेले तर काटा कधी कधी खाली येतो, कारण तापमान मोजणारा भाग पाण्यात नसून हवेत असतो. गाडी दमल्यासारखी ओढते, करपट वास येतो आणि काटा मात्र शांत. अशा वेळी काट्यावर विसंबू नये. थांबावे.

कारण शोधणे हाच धम्म

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना जे सांगितले ते अंगुत्तर निकायात आहे. परंपरेने चालत आले म्हणून, कोणी थोर माणूस सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः तपासून पाहा, हा त्याचा आशय. चार आर्यसत्यांची रीतही हीच आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते, आणि त्यासाठी मार्ग आहे. गाडीच्या पाण्याला ही रीत लावा. पाणी कमी होते हे दिसते आहे. रोज पाणी ओतणे म्हणजे कारणाकडे पाठ फिरवणे. लिंबू-मिरची बांधणे म्हणजे नसलेले कारण मानणे. आणि न तपासता 'हेड गेले' हे मान्य करणे म्हणजे दुसऱ्याच्या शब्दावर आपले घर कर्जात टाकणे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांचा वारसा सांगणाऱ्या घराला या तिन्ही गोष्टी शोभत नाहीत.

सगळेच गॅरेजवाले फसवतात असे मी म्हणत नाही. पोटासाठी राबणारा तोही कष्टकरीच आहे, आणि कित्येक मिस्त्री प्रामाणिकपणे काम करतात. पण चांगल्या मिस्त्रीला प्रश्न विचारलेला राग येत नाही. तेव्हा गाडी दाखवताना शांतपणे तीन प्रश्न विचारावेत. गळती कुठून आहे ते मला दाखवता का? दाबाची चाचणी केली का? बदललेला जुना भाग मला परत द्याल का? या तीन प्रश्नांनी बहुतेक वादच मिटतात.

वहिनींच्या वहीचाही धडा घेण्यासारखा आहे. मी हिशेबाच्या कामात आयुष्य काढतो आहे, म्हणून सांगतो. जी गोष्ट कागदावर येते ती लपत नाही. गाडीत एक छोटी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, किती पाणी वा कूलंट भरले, कोणता रस्ता. महिन्याभरात गाडीच स्वतःचे दुखणे सांगू लागते. त्या घरच्या वहीत दुरुस्तीनंतर पंधरा दिवस पाण्याची एकही नोंद नव्हती. मगच त्यांनी आईला गाडीत बसवले. आईने चैत्यभूमीचे दर्शन घेतले आणि परतीचा घाट गाडी न थांबता चढली.

शेवटी दोन सूचना विहारांच्या मंडळांना. दाब तपासण्याचा हातपंप एका घराला घेणे जड वाटेल, पण दहा गाडीवाल्यांनी वर्गणी काढली तर तो विहारात ठेवता येईल. ६ डिसेंबर, १४ एप्रिल, अशोक विजयादशमी यांच्या आधीच्या रविवारी आयटीआय झालेल्या मुला-मुलींना बोलावून वस्तीतल्या गाड्या तपासून घ्याव्यात. त्यांना चहापाण्यावर वाटेला लावू नये, कामाचा मोबदला द्यावा.

दुसरी सूचना मुलांच्या शिक्षणाची. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तंत्रशिक्षण घेतलेल्या कामगाराचे महत्त्व त्यांनी ओळखले होते. १९५० साली देशात कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आयटीआयचे जाळे तिच्यातून वाढले. 'हात काळे करण्याचे काम' म्हणून त्या शिक्षणाकडे नाक मुरडू नये. आपल्या घरातला पोरगा किंवा पोरगी गाडीखाली सरकून 'दादा, हे बघा' असे म्हणू शकली, तर एखादे घर कर्जातून वाचते.

या रविवारी गाडी गार असताना बोनेट उघडा, झाकणाचे रबर चाचपा, खालचा पाईप पाहा. दहा मिनिटांचे काम आहे.

जयभीम!